रिकाम्या सभागृहातलं व्याख्यान

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमारास वहिनींच्या कचेरीत पन्नाशीची एक स्त्री आली आणि खुर्चीत बसण्याआधीच म्हणाली, "चूक माझीच आहे. फक्त त्यातली माझी किती, तेवढं शोधून द्या."

वहिनींनी तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. भावजींनी हातातल्या वर्तमानपत्राची घडी घातली. पाहुणीला त्यांनी ओळखलं होतं. विद्यापीठात तिला सगळे 'आगामीताई' म्हणत. दर सोमवारी आवारातल्या अकरा फलकांवर 'आगामी कार्यक्रम' नावाचं जे पत्रक लागायचं, ते ती एकटी तयार करायची.

वहिनी म्हणजे भावजींच्या थोरल्या भावाच्या पत्नी. परीक्षा विभागात बनावट गुणपत्रिका पकडण्यात त्यांची वीस वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराच्या पुढच्या दोन खोल्यांत खासगी तपासाचं काम सुरू केलं. भावजी शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. दारावर पाटी ठोकायला म्हणून ते आले आणि मग रोजच येत राहिले. वहिनींच्या मते त्यांचा उपयोग मोठा होता. एखादी गोष्ट भावजींना समजली, की ती कुणालाही समजेल याची खात्री व्हायची.

"पेपरात आलंय, ते वाचलंत का?" ताईने विचारलं.

भावजींनी वाचलं होतं, आणि फोटो पाहून त्यांना सकाळचा चहा गेला नव्हता. तीनशे रिकाम्या खुर्च्या आणि समोर व्यासपीठावर एक म्हातारी बाई, हात उचलून काहीतरी सांगणारी. कुणा विद्यार्थ्याने दारातून काढलेला फोटो. ती म्हातारी म्हणजे विद्यापीठात त्यांना शिकवणाऱ्या बाई. वनस्पतिशास्त्र विभागाच्या माजी प्रमुख. खडकावर फुलणारी एक वेल त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी शोधली आणि विभागाचं नाव पाठ्यपुस्तकांत गेलं.

"परवा बुधवारी चार वाजता त्यांचं व्याख्यान होतं," ताई सांगू लागली. "विषय, 'त्या वेलीबद्दल राहून गेलेलं'. सूचना त्या स्वतः देऊन गेल्या होत्या. मग त्याआधीच्या शुक्रवारी माझ्या पेटीत ही चिठ्ठी पडली. मी सोमवारच्या पत्रकात 'रद्द' छापून मोकळी झाले. आणि बुधवारी बाई सभागृहात हजर. येत्या बुधवारी त्यांच्या घशाची शस्त्रक्रिया आहे. आवाज कायमचा जाणार. म्हणजे शेवटचं व्याख्यान होतं ते, आणि मी ते खुर्च्यांना ऐकवलं."

"तुम्हाला कामावरून काढलं?"

"तूर्त घरी बसवलंय. सोमवारी चौकशी समिती बसेल. चिठ्ठी मीच तयार केली असं कुलसचिवांना वाटतंय. माझी चूक झाकायला."

वहिनींनी चिठ्ठी उजेडात धरली. साध्या कागदावर संगणकाने छापलेली एकच ओळ होती. 'बुधवारचें व्याख्यान घशाच्या दुखण्यामुळें होणार नाहीं.' खाली विभागाचा शिक्का, सही नाही.

"हे जास्तीचे ठिपके?"

"मला वाटलं, टंकताना बोट पडलं असेल. छापताना काढले. कारणही काढलं, जागा नव्हती. नुसतं 'रद्द' ठेवलं."

"पेटी कुठे असते?"

"व्हरांड्यात. येणारा-जाणारा कुणीही टाकतो. शिक्काही विभागात टेबलावर उघडा पडलेला असतो." ताई थांबली. "पण रद्दची सूचना आली की फोन करून खात्री करायची, असा नियम आहे. तो मी केला नाही. एकतीस सूचना होत्या. म्हटलं, नाहीतरी कोण जाणार होतं त्या व्याख्यानाला."

हे सांगताना ती टेबलाकडे बघत होती. भावजीही टेबलाकडेच बघत होते.

*

विद्यापीठाच्या वाटेवर वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुम्ही आज फारच गप्प."

"काही नाही."

"तुम्ही त्यांचे विद्यार्थी. जाणार होतात ना व्याख्यानाला?"

भावजींनी चार पावलं उत्तर टाळलं. मग सांगून टाकलं. तीस वर्षं ते बाईंना भेटले नव्हते. संशोधन करीन असा शब्द दिला होता आणि शाळेतली नोकरी धरली. तेव्हापासून बाईंचं घर दिसलं की त्यांची पावलं दुसऱ्या गल्लीत वळायची. व्याख्यानाची सूचना वाचून त्यांनी मनाचा हिय्या केला होता. सोमवारी फलकावर 'रद्द' दिसलं आणि त्यांना हायसं वाटलं.

"हायसं वाटलं, वहिनी. तब्येत बरी आहे का, एवढंही विचारलं नाही मी."

वहिनी पदर सावरून चालत राहिल्या. सांत्वन करण्याची त्यांना सवय नव्हती.

जुन्या सभागृहाचा रखवालदार पायरीवर बसून किल्ल्यांच्या जुडग्याला तेल लावत होता. परवापासून प्रत्येकजण त्यालाच विचारत होता, त्यामुळे तो न विचारताच सुरू झाला.

"पत्रकात रद्द म्हटलं की मी कुलूप लावतो. माझा काय दोष? बाई साडेतीनला आल्या. कुलूप बघून आता माझी खरडपट्टी काढणार, असं वाटलं. पण तसं काही नाही. 'उघड' म्हणाल्या. उघडलं."

"रद्द झाल्याचं तुम्ही सांगितलं नाही?"

रखवालदाराने मान खाली घातली. "जीभ रेटली नाही. एवढ्या मोठ्या बाई, नवी साडी नेसून आलेल्या. म्हटलं, माइक लावून देतो. तर म्हणाल्या, आज माइक कशाला? आत गेल्या. मी बाहेर बसून होतो. चारला त्यांचा आवाज ऐकू आला, खरवडल्यासारखा. उठून आत जावं असं फार वाटलं. नाही गेलो. मग भाची आली त्यांची."

वहिनींनी दारातून आत डोकावून पाहिलं. शेवटची रांग व्यासपीठापासून बरीच लांब होती.

*

हल्लीचे विभागप्रमुख टापटीप गृहस्थ होते. टेबलावर कागद असा एकही नव्हता. त्यांच्या डोक्यामागच्या भिंतीवर त्या वेलीचं भलंमोठं रंगीत चित्र होतं.

"माझ्यावर संशय असणार," ते म्हणाले, "आणि तो रास्त आहे. 'राहून गेलेलं' म्हणजे काय, असं मी बाईंना फोनवर विचारलं होतं. त्या म्हणाल्या, तेव्हाच ऐक. विभागाचं सगळं नाव त्या वेलीवर उभं आहे. मला झोप लागली नव्हती, हे कबूल करतो."

"चिठ्ठी पडली त्या शुक्रवारी तुम्ही कुठे होतात?"

"बुधवारपासून शनिवारपर्यंत परगावी, तोंडी परीक्षा घ्यायला. तिथल्या हजेरीवर सह्या आहेत."

"त्यांच्या घशाचं माहीत होतं?"

"फोनवर आवाज बसलेला वाटला. मला वाटलं, सर्दी. शस्त्रक्रियेचं मला बुधवारी संध्याकाळी भाचीकडून कळलं."

"रद्द वाचून फोन केलात?"

विभागप्रमुखांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. "नाही. सुटलो, असं वाटलं. आणि सुटलेला माणूस परत जाऊन दार वाजवत नाही."

बाहेर पडल्यावर भावजी म्हणाले, "याचाच हात आहे. स्वतः परगावी राहून कुणाकडून तरी चिठ्ठी टाकून घेतली."

"असेल," वहिनी म्हणाल्या. "मग 'तब्येतीमुळे' एवढं लिहून भागलं असतं. घसा कशाला?"

विभागामागच्या बागेत ती वेल होती. खडकांच्या रचलेल्या ढिगावर चढलेली, यंदा अजून कळी नव्हती. समोर पत्र्याची पाटी होती, काळ्या रंगात हाताने लिहिलेली. 'वेलीस हात लावूं नये. येथें बसूं नये.'

"बाईंचं अक्षर," भावजी म्हणाले, आणि दिवसात पहिल्यांदा त्यांना हसू आलं. "वडिलांनी घरी शिकवलं त्यांना, त्यामुळे लिहिणं अजून वडिलांच्या काळातलं. आमची पिढी सुधारली, बाई नाही सुधारल्या."

'येथें बसूं नये' या पाटीला टेकून एक म्हातारा बसला होता. तो इथला जुना माळी. नोकरी संपून पंधरा वर्षं झाली तरी वेलीला पाणी घालायला रोज यायचा. सगळे त्याला माळीकाका म्हणत.

"तुम्ही व्याख्यानाला जाणार होतात का, काका?" वहिनींनी विचारलं.

"जाणार होतो. बाई घरी आल्या होत्या सांगायला. तीन आठवडे झाले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या घराचा उंबरा ओलांडला. म्हणाल्या, पहिल्या रांगेत बसा. मी म्हटलं, मी येऊन काय करू? म्हणाल्या, ऐका." त्याने पाण्याचा डबा तिरका केला. "सुनेने सदरा इस्त्री करून ठेवला होता. मग तिनेच फलक वाचला. राहिलं."

"या वेलीचं तुम्ही काय करायचात तेव्हा?"

"पाणी घालायचो," माळीकाका म्हणाला, आणि डबा पुन्हा वेलीच्या मुळाशी तिरका केला.

*

बाईंच्या घरी दार भाचीने उघडलं. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला नोकरी करायची, आणि शस्त्रक्रियेसाठी म्हणून महिन्यापासून मावशीकडे राहायला आली होती.

"मी दोन मैत्रिणींना घेऊन आले होते," ती खालच्या आवाजात म्हणाली. "अर्ध्या दिवसाची रजा काढून. चार वाजून दहा मिनिटांनी पोचलो. मावशी बोलत होती, मला पाहून थांबली. तुमच्या त्या पत्रकाचं आम्हाला घरी काय कळणार? घशाचं तिने मला शपथ घालून गप्प ठेवलं होतं. मी, ती आणि डॉक्टर, तिघांपलीकडे बुधवारपर्यंत कुणालाच माहीत नव्हतं. मी आधी सांगायला हवं होतं. लोक आले असते."

आत बाई खिडकीशी बसल्या होत्या. वाळवलेल्या पानांचे कागद भिंतीपर्यंत रचलेले. भावजींनी वाकून नमस्कार केला. बाईंनी त्यांना नावासकट ओळखलं, वर्गातला हजेरी क्रमांकही सांगितला. भावजींना धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

"मी एकच सांगते," बाईंचा आवाज खरखरत, तुटत येत होता. "त्या मुलीची चूक नाही. कुलसचिवांनाही तेच लिहून कळवलंय."

"मग कुणाची, बाई?" वहिनींनी विचारलं.

बाईंनी घशावर हात ठेवला आणि डोळे मिटले. भाची पुढे झाली. भेट तिथेच संपली.

रस्त्यावर आल्यावर भावजी म्हणाले, "बघा, अजूनही किती दया. ज्या ताईमुळे हे झालं, तिचीच बाजू घेतात."

वहिनी फाटकाशी उभ्या राहिल्या. "भावजी, उद्या चार वाजता सगळ्यांना इथे बोलवा. ताईंना आणि विभागप्रमुखांना."

"कोण आहे, ते कळलं तुम्हाला?"

वहिनींनी सांगितलं. भावजी बराच वेळ फाटकाची कडी धरून होते.

"वहिनी, त्यांना चार दिवस उरलेत बोलायला. जाऊ द्या हे."

"सोमवारी ताईची नोकरी जाईल. तिलाही दिवस काढायचे आहेत, आणि ते चारपेक्षा जास्त आहेत."

*

शनिवारी चार वाजता बाईंच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या. विभागप्रमुख स्टुलावर बसले. आगामीताई दाराशीच उभी राहिली.

"चिठ्ठीपासून सुरू करते," वहिनी म्हणाल्या. "लिहिणाऱ्याने कारण दिलंय, घशाचं दुखणं. ते खरं निघालं. साहेबांना ती सर्दी वाटत होती. सर्दीमुळे पाच दिवस पुढचं व्याख्यान कुणी रद्द करत नाही. म्हणजे दुखणं सर्दीपेक्षा मोठं आहे, हे लिहिणाऱ्याला ठाऊक होतं. ठाऊक असलेली माणसं तीन. डॉक्टरांना विद्यापीठाच्या पेटीशी देणंघेणं नाही. राहिली भाची."

भाचीचा चेहरा उतरला.

"पण भाचीने बुधवारी रजा काढली आणि दोन मैत्रिणी बरोबर आणल्या. जे आपण रद्द केलं, ते ऐकायला कुणी पाहुणे घेऊन येत नाही. म्हणून भाचीही नाही."

मोजायला आता एकच माणूस उरला होता, आणि त्याच्याकडे बघायची कुणाची तयारी नव्हती.

"सभागृहाला कुलूप होतं," वहिनी सावकाश म्हणाल्या. "व्याख्यान द्यायला आलेल्या माणसाला अर्धा तास आधी कुलूप दिसलं, तर तो विचारेल, हे काय? बाईंनी विचारलं नाही. रखवालदाराने माइकचं विचारलं. घसा गेलेला, सभागृह तीनशे खुर्च्यांचं. तरी म्हणाल्या, आज माइक कशाला. लोक येणार नाहीत हे माहीत असेल, तरच असं कुणी म्हणेल."

"दमल्या असतील," विभागप्रमुख म्हणाले. त्यांनाच ते पटलं नाही.

"मग हे ठिपके." वहिनींनी चिठ्ठी समोर धरली. "बुधवारचें, दुखण्यामुळें, नाहीं. बोट पडलं असतं तर एकदा पडलं असतं. इथे तिन्ही ठिपके जुन्या नियमाने जिथे हवेत, नेमके तिथेच आहेत. आज असं लिहिणारं माणूस या आवारात मला एकच दिसलं, तेही बागेतल्या पाटीवर. कागदावर सही टाळता येते, बाई. सवय टाळता येत नाही. आणि शेवटचं, तुमचं वाक्य. 'त्या मुलीची चूक नाही.' भावजींना ती दया वाटली. मला ती माहिती वाटली."

ताईच्या तोंडून "अगं बाई" एवढंच निघालं, तेही हळू.

बाईंनी भाचीकडे पाणी मागितलं. दोन घोट घेतले.

"वेल मी शोधली नाही," त्या म्हणाल्या. "माळ्याने शोधली. कुंपणापलीकडच्या खडकातून आणून लावली. सहा वर्षं वहीत नोंदी ठेवल्या, कधी कळी, कधी फूल, कधी बी. ती वही मी वाचायला म्हणून नेली आणि परत केली नाही. निबंधात त्याचं नाव तळटीपेतसुद्धा नाही."

विभागप्रमुखांनी डोळ्यांवर हात ठेवला.

"आवाज जाणार हे कळलं, तेव्हा ठरवलं की सांगून टाकायचं. त्याच्या घरी गेले. त्याने मला बसायला स्वतःची खुर्ची दिली. परत येताना धीर सुटला. वाटलं, आवाजाबरोबर हेही जाऊ दे. मग कुणी विचारलं, तरी मला बोलता येणार नाही. शुक्रवारी विभागात जाऊन मीच शिक्का मारला. सही केली असती, तर माळ्याच्या कानावर गेलं असतं की मी पळाले."

"मग बुधवारी का गेलात?" हे भावजींनी विचारलं. त्यांचा स्वतःचाच आवाज त्यांना अनोळखी वाटला.

"भाचीला काय सांगणार होते? तिने रजा काढली होती. आणि एकदा तरी मोठ्याने म्हणून बघायचं होतं. खुर्च्यांना सांगितलं. त्याने काही हलकं झालं नाही." बाई थांबत थांबत बोलत होत्या. "सोमवार, मंगळवार मी फोनजवळ बसून होते. कुणी एकाने जरी विचारलं असतं, का रद्द केलंत, तर मी सगळं सांगितलं असतं. फोन वाजला नाही. तुम्हाला दोष देत नाही. ते माझंच एक निमित्त होतं. मग फोटो छापून आला, या मुलीला घरी बसवलं, आणि मला वाटलं, एक पत्र लिहिलं की भागेल. नाही भागत."

भावजी, विभागप्रमुख आणि ताई, तिघांनाही त्या न वाजलेल्या फोनचं आपापलं उत्तर ठाऊक होतं. एकमेकांकडे न बघण्याची तिघांनीही काळजी घेतली.

बाईंनी टेबलाच्या खणातून कोरा कागद काढला आणि कुलसचिवांना दुसरं पत्र लिहिलं, या वेळी चिठ्ठी आपणच टाकल्याचं, सहीसकट. मग आणखी एक कागद लिहून ताईकडे दिला. मंगळवार, दुपारी चार, जुने सभागृह, विषय तोच.

ताईने तो दोनदा वाचला. राग यावा की रडू, हे तिचं अजून ठरत नव्हतं. "नियम आहे म्हणून विचारते," ती म्हणाली. "नक्की ना?"

"नक्की," बाई म्हणाल्या.

*

सोमवारी समितीने ताईला कामावर परत घेतलं, आणि तिने पत्रक लावलं. मंगळवारी सभागृह निम्म्याहून जास्त भरलं. काही लोक फोटोमुळे आले होते, काही नुसत्या कुतूहलाने. वहिनी मागे बसल्या. भावजी दुसऱ्या रांगेत बसले, कारण पहिल्या रांगेत मधोमध इस्त्रीचा सदरा घालून माळीकाका बसला होता.

बाई वीस मिनिटं बोलल्या. काहीही न झाकता बोलल्या. शेवटी त्यांनी एक जुनी, कडा कुरतडलेली वही टेबलावर ठेवली आणि पहिल्या रांगेकडे वळून हात जोडले.

"मी तुमची माफी मागते."

सभागृहात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माळीकाका उठला. त्याला उठायला वेळ लागला.

"माफीचं नंतर बघू, बाई," तो म्हणाला. "आधी ते सात दिवस खोडा."

"सात?"

"फूल नऊ दिवस टिकतं. वहीत मी नऊ लिहिलं होतं. तुम्ही पुस्तकात सात छापलंत. चाळीस वर्षं पोरं चुकीचं शिकतायत. मी दर वर्षी मोजतो. दर वर्षी नऊच भरतात."

भावजींनी अठ्ठावीस वर्षं वर्गावर सात सांगितलं होतं. चुकीबद्दल एकाही विद्यार्थ्याने त्यांना विचारलं नव्हतं, आणि वेल मैलभर अंतरावर असून त्यांनी एकदाही जाऊन मोजलं नव्हतं.

बाईंनी वही उघडली. पानं उलटली. एका पानाशी त्या बराच वेळ थांबल्या.

"तुमचा नऊ मला सात वाटला," त्या म्हणाल्या. "शंका आली होती. विचारायला यायला हवं होतं. पण विचारायला आले असते, तर नाव द्यावं लागलं असतं."

माळीकाका उभाच होता. बाईंनी माइक जवळ ओढला. आवाज फुटेना. त्या पाणी प्यायल्या, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "नऊ."

सभागृहात वह्यांची पानं फडफडली. माळीकाका खाली बसला आणि त्याने सदऱ्याची बाही सारखी केली.

"हां," तो म्हणाला. "आता पुढचं सांगा."